शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल : अमेरिकेतील शालेय सुरक्षा आणि स्वसंरक्षणाचे सैल कायदे

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाला की काही तासांच्या आत दोन परस्परविरोधी मागण्या पुढे येतात. एक मागणी शस्त्रविक्रीवर निर्बंध घालण्याची असते, तर दुसरी शिक्षक, मुख्याध्यापक, क्रीडाप्रशिक्षक किंवा इतर कर्मचाऱ्यांपैकी काहींना शाळेत शस्त्र बाळगू देण्याची असते आणि अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी या दुसऱ्या मागणीला वाट करून दिली आहे. तिच्याकडे सहसा शालेय सुरक्षेचा सुटा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात स्वसंरक्षणाच्या अमेरिकी कायद्यात गेल्या दीडशे वर्षांत जो पालट होत गेला, त्याचीच ती वर्गाच्या दारापर्यंत पोचलेली शाखा आहे. धोका आहे की नाही हे ओळखण्याचा आणि त्यावर प्राणघातक उपाय योजण्याचा निर्णय घाबरलेल्या माणसाने त्या क्षणी एकट्याने घ्यावा आणि कायद्याने तो शक्यतो उचलून धरावा, हे दोन्हींमागचे समान गृहीत आहे. उपलब्ध पुरावा या गृहीताला आधार देत नाही आणि शाळेच्या बाबतीत तर ते उघड घातक ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

स्वसंरक्षणाच्या कायद्याचा उगम इंग्लंडच्या रूढिजन्य कायद्यात, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडत गेलेल्या कायद्यात आहे. हल्ला झालेल्या माणसाला सुरक्षितपणे मागे सरकणे शक्य असेल तर त्याने आधी मागे सरकावे, जीव घेण्याचा मार्ग सर्वांत शेवटी धरावा, हे त्यातील मूळ तत्त्व होते आणि त्याला माघारीचे कर्तव्य म्हणत. स्वतःच्या घराला मात्र या कर्तव्यातून सूट होती, कारण घराच्या मागे आणखी कोठे सरकायचे, हा प्रश्न रास्तच होता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तत्त्व ढिले होऊ लागले. १८७६ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष आणि सरळ माणसाने हल्लेखोरापुढून पळ काढावा अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा निर्णय दिला. १९२१ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी डोक्यावर सुरा उगारला गेला असताना शांतपणे विचार करण्याची अपेक्षा कोणाकडूनही ठेवता येणार नाही, या आशयाचा निवाडा दिला. ही भूमिका समजण्यासारखी होती. परंतु तोवर हे सारे न्यायालयाच्या तारतम्यावर सोपवलेले होते आणि माघार घेणे शक्य होते का, या प्रश्नाचा विचार करायला ज्युरी मोकळी होती.

२००५ मध्ये फ्लोरिडाने हे तारतम्य बव्हंशी काढून घेतले. ‘स्टँड युअर ग्राउंड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यानुसार, जिथे असण्याचा कायदेशीर हक्क आहे अशा कोणत्याही ठिकाणी, मग ते घर असो, रस्ता असो की पेट्रोल पंप, माणसाला माघार घेण्याचे बंधन उरले नाही. मृत्यूची किंवा गंभीर इजेची रास्त भीती वाटल्यास प्राणघातक बळ वापरता येईल आणि अशा माणसाला खटल्यापासूनच संरक्षण मिळेल, अशी त्यात तरतूद झाली. राष्ट्रीय रायफल संघटनेने त्याच्या प्रसारासाठी जोर लावला आणि पुढील काही वर्षांतच अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. २०१७ मध्ये फ्लोरिडाने आणखी एक पाऊल टाकले. गोळी झाडणाऱ्याने स्वसंरक्षणाचा दावा केला की खटल्यापूर्वीच्या सुनावणीत तो दावा खोटा आहे हे सिद्ध करण्याचा भार तेव्हापासून सरकार पक्षावर आला. जो मरण पावला त्याची साक्ष होऊ शकत नाही आणि जो जिवंत आहे त्याला स्वतःची भीती सिद्ध करण्याची गरज नाही, अशी ही रचना आहे.

मराठी वाचकाच्या परिचयाच्या भारतीय कायद्याशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. भारतीय दंडसंहितेतील खासगी बचावाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. हा हक्क कमकुवत नाही. ठार होण्याची किंवा बलात्काराची रास्त धास्ती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. तथापि सरकारी यंत्रणेकडे संरक्षण मागण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, अशा दोन मर्यादा ३७ व्या कलमात घातलेल्या आहेत. हक्क आणि मर्यादा जोडीने सांगण्याची ही पद्धत ब्रिटिश वारशातूनच आलेली आहे. फ्लोरिडाने त्याच वारशातली मर्यादा गाळली आणि हक्क तेवढा ठेवला.

या बदलाचे परिणाम आता पुरेशा काळाच्या आकड्यांवरून तपासता येतात. चेंग आणि होकस्ट्रा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे कायदे करणाऱ्या राज्यांत मनुष्यवधाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, तर घरफोडी, जबरी चोरी किंवा गंभीर मारहाण यांना आळा बसल्याचे काहीही चिन्ह दिसले नाही. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने फ्लोरिडापुरते पाहिले असता तेथे कायद्यानंतर मनुष्यवध २४ टक्क्यांहून अधिक आणि बंदुकीने झालेले मनुष्यवध सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेले होते, तर असा कायदा नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. २०२२ मधील देशव्यापी अभ्यासात ही वाढ सरासरी ८ ते ११ टक्के निघाली. बंदूक-धोरणांवरील सर्व संशोधन गाळून घेणाऱ्या रँड संस्थेच्या आढाव्यात फार थोड्या कायद्यांबाबत ठाम निष्कर्ष काढलेले आहेत, आणि या कायद्यांमुळे बंदुकीने होणारे मनुष्यवध वाढतात हा त्यांपैकी एक आहे. सज्जनाला बळ दिले की दुर्जन वचकेल, हा या कायद्यांचा जाहीर हेतू होता. दुर्जन वचकल्याचे आकड्यांत दिसत नाही, माणसे मेल्याचे मात्र दिसते.

रास्त भीती म्हणजे काय, हा सगळ्याचा गाभा आहे आणि तो एका जुन्या प्रकरणात अगदी जवळून पाहता येतो. १९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे योशिहिरो हत्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी, यजमान कुटुंबातील मुलाबरोबर हॅलोवीनच्या मेजवानीला निघाला असता चुकीच्या घरी गेला. अंगात पांढरा सूट होता, हातात कॅमेरा होता. घरातील बाईने घाबरून नवऱ्याला बंदूक आणायला सांगितले, नवऱ्याने थांबण्याचा हुकूम केला, तो इंग्रजी शब्द त्या मुलाला उमगला नाही, तो हसतमुखाने पुढे आला आणि छातीत गोळी लागून मेला. फौजदारी खटल्यात ज्युरीने अवघ्या काही तासांत गोळी झाडणाऱ्याला निर्दोष सोडले. पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र त्याला जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये १७ लाखांच्या घरात सह्या गोळा केल्या आणि १९९३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना भेटले. येथे घराचीच बाब होती, म्हणजे जुन्या सवलतीतलेच प्रकरण होते. त्या सवलतीतसुद्धा भीतीचा अंदाज एवढा चुकू शकत असेल, तर तीच सवलत साऱ्या सार्वजनिक जागेला लावल्यावर काय होईल, हे सांगण्यास आकडेवारीची वाट पाहण्याची गरज नव्हती.

भीती सर्वांविषयी सारखी वाटत नाही, ही त्यातली दुसरी अडचण आहे. २०१२ मध्ये फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा वसाहतीच्या स्वयंसेवी राखणदाराच्या गोळीने मरण पावला. आरोपीच्या वकिलांनी नव्या कायद्याखालील स्वतंत्र सुनावणी मागितली नाही, पण ज्युरीला दिलेल्या सूचनांत त्या कायद्याची भाषा होती आणि २०१३ मध्ये आरोपी सुटला. २०२० मध्ये जॉर्जियात धावायला निघालेल्या अहमद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाचा गाडीतून पाठलाग करून त्याला मारण्यात आले, तेव्हा नागरिकाने केलेली अटक आणि स्वसंरक्षण या दोन कारणांखाली खटला भरण्यासारखे काही नाही असे मत सुरुवातीला एका सरकारी वकिलाने दिले होते. त्या प्रसंगाची चित्रफीत बाहेर आली नसती तर २०२१ मधील दोषसिद्धी कदाचित झालीच नसती. अर्बन इन्स्टिट्यूटने केलेल्या विश्लेषणात गोऱ्याने कृष्णवर्णीयाला मारल्यास ते कृत्य समर्थनीय ठरण्याचे प्रमाण उलट स्थितीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. कायद्याच्या शब्दांत वर्ण नाही. तो भीतीत आहे, आणि कायद्याने भीतीलाच प्रमाण मानले आहे.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काची व्याप्तीही याच काळात वाढत गेली. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने व्यक्तीला घरात बचावासाठी शस्त्र ठेवण्याचा हक्क दिल्याचे मान्य केले आणि २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो घराबाहेर नेला. हेलरचा निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनीच शाळांसारख्या संवेदनशील जागी शस्त्रबंदी घालता येते असे त्यात नमूद केले होते, ही गोष्ट शाळेत शस्त्रे नेण्यास घटनेचा आधार सांगणारे सहसा विसरतात. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी छुपे पिस्तूल परवान्याविना बाळगण्यास मुभा दिली होती.

या विस्तारामागे विद्वत्तेचेही पाठबळ उभे करण्यात आले. गॅरी क्लेक यांनी १९९५ मध्ये दूरध्वनी पाहणीवरून अमेरिकेत दरवर्षी २५ लाख वेळा बंदूक बचावासाठी वापरली जाते असा अंदाज मांडला, तर जॉन लॉट यांनी १९९८ च्या ग्रंथात बंदुका वाढल्या की गुन्हे घटतात असा सिद्धान्त सांगितला. हार्वर्डचे डेव्हिड हेमेनवे यांनी क्लेक यांच्या पद्धतीतली चूक दाखवून दिली. फार दुर्मीळ घटनेची विचारणा हजारो लोकांकडे केली असता मूठभरांनी जरी चुकीचे होकारार्थी उत्तर दिले, तरी देशभराच्या हिशेबात तो आकडा अनेक पटींनी फुगतो. गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या सरकारी पाहणीतून हाच आकडा ६० हजार ते १ लाखाच्या आसपास निघतो. लॉट यांच्या सिद्धान्ताला विश्वासार्ह आधार नसल्याचे राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये नोंदवले, आणि २०१९ मध्ये जॉन डोनह्यू व सहकाऱ्यांनी शस्त्र बाळगण्याचे नियम सैल केलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी अधिक असल्याचे दाखवले. घरातल्या बंदुकीचा हिशेब तर आणखी विदारक आहे. कॅलिफोर्नियातील लाखो प्रौढांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात, पिस्तूलधारकाबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा खून होण्याची शक्यता बंदूक नसलेल्या घरांतील लोकांच्या दुपटीहून अधिक निघाली. जोडीदाराच्या गोळीने मरण्याची शक्यता सातपट होती आणि असे मरणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बचावासाठी घेतलेले शस्त्र घरच्यांवरच अधिक वेळा उलटते, हा निष्कर्ष अनेक वेगवेगळ्या पद्धतींनी पुनःपुन्हा निघालेला आहे.

शाळेचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. १९९० च्या संघराज्य कायद्याने शाळेच्या आवारात व भोवती शस्त्रबंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो कायदा रद्द केल्यावर दुरुस्तीसह तो पुन्हा आणण्यात आला. राज्याच्या परवानाधारकांना त्यातून सूट मिळते आणि याच फटीतून पुढचे सारे शिरले. टेक्सासमधील हॅरॉल्ड या अगदी लहान गावाच्या शाळेने २००७ मध्ये निवडक कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगण्याची परवानगी दिली. २०१२ च्या १४ डिसेंबरला कनेक्टिकटमधील सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले, तेव्हा आठवड्याच्या आत राष्ट्रीय रायफल संघटनेचे वेन लापिएर यांनी प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस असावा अशी मागणी केली. २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथे १७ जण मारले गेल्यावर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी शिक्षकांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला शस्त्र द्यावे आणि वर भत्ताही द्यावा, असे सुचवले. सरकारी शाळांतील ३२ लाखांच्या आसपास शिक्षकांचा हिशेब केला तर ही ६ लाखांहून अधिक पिस्तुले होतात. फ्लोरिडाने त्याच वर्षी बंदूक खरेदीचे वय २१ केले ही स्तुत्य गोष्ट, पण त्याच कायद्यात शाळेतील कर्मचाऱ्यांना सशस्त्र रक्षक करण्याची योजनाही घातली. पार्कलंडच्या मुलांना आपल्या अंगाने झाकताना निःशस्त्र मारले गेलेले प्रशिक्षक ॲरन फाइस यांचे नाव त्या योजनेला देण्यात आले आणि पुढच्याच वर्षी वर्गशिक्षकांनाही ती खुली झाली. ओहायोत शाळेत शस्त्र बाळगण्यासाठी पोलिसाइतके, म्हणजे ७०० तासांहून अधिक प्रशिक्षण लागते असा न्यायालयाचा निर्णय २०२१ मध्ये आला. विधिमंडळाने २०२२ मध्ये ती अट २४ तासांवर आणली. टेनेसीने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार कोणता शिक्षक सशस्त्र आहे हे पालकांना कळवले जात नाही.

सशस्त्र माणसाच्या उपस्थितीने काय साधते, याचे उत्तर घडून गेलेल्या घटनांतच आहे. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेवर हल्ला झाला तेव्हा तेथे पोलीस अधिकारी नेमलेला होता, त्याने हल्लेखोरांशी गोळ्यांची देवाणघेवाणही केली, तरी १३ जणांचे प्राण गेले. पार्कलंडचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबून राहिला. त्याच्यावर खटला झाला आणि २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. पण सर्वांत बोलके उदाहरण टेक्सासमधील युव्हाल्डीचे आहे. २४ मे २०२२ रोजी रॉब प्राथमिक शाळेत नुकतीच अठरा वर्षे पूर्ण करून कायदेशीरपणे रायफल विकत घेतलेला तरुण शिरला, तेव्हा पहिले पोलीस सुमारे तीन मिनिटांत आत पोचले होते. राज्य विधिमंडळाच्या चौकशी समितीच्या मोजणीनुसार एकूण ३७६ पोलीस व सुरक्षा अधिकारी तेथे जमले. त्यांच्याजवळ रायफली होत्या, ढाली होत्या, या प्रसंगाचे प्रशिक्षणही झालेले होते. वर्गातून मुले दबक्या आवाजात पोलिसांना फोन करत होती. दार उघडून हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि २ शिक्षिका मेल्या. या अपयशाला नेतृत्वाचा गोंधळ कारणीभूत होता हे खरे, पण पलीकडे अर्धस्वयंचलित रायफल आहे ही जाणीव पहिल्या पोलिसांच्या पायाला खीळ घालणारी ठरली, हेही चौकशीतून स्पष्ट झाले. ज्यांचा हा पेशा आहे त्यांची ही गत होत असेल, तर २४ तासांच्या वर्गानंतर बीजगणिताच्या शिक्षिकेकडून पिस्तुलाच्या बळावर याहून अधिकाची अपेक्षा ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

जिलियन पीटरसन, जेम्स डेन्सली व सहकाऱ्यांनी १९८० ते २०१९ या काळातील १३३ शालेय गोळीबारांचा आणि प्रयत्नांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे एक चतुर्थांश घटनांत सशस्त्र रक्षक हजर होता आणि इतर घटक विचारात घेऊनही अशा ठिकाणी मृत्यूचा दर २.८३ पट होता. रक्षकामुळे मृत्यू वाढले असे यावरून म्हणता येत नाही, कारण मोठ्या तयारीने येणारे हल्लेखोर मोठ्या, रक्षक असलेल्या शाळा निवडत असतील. मात्र रक्षक असल्याने हल्लेखोर कचरतो, या दाव्याला यातून काहीच आधार मिळत नाही. या हल्लेखोरांपैकी पुष्कळसे मरणाच्या तयारीने आलेले असतात. ज्याला मरायचेच आहे त्याला बंदुकीचा धाक कसा बसणार, हा साधा प्रश्न धाकाचा सिद्धान्त मांडणारे टाळतात.

नेमबाजीचा मुद्दा याहून सरळ आहे. न्यू यॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील नोंदींवरून रँड संस्थेने दाखवले की समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या १०० पैकी साधारण १८ गोळ्याच लक्ष्याला लागत. उरलेल्या ८२ गोळ्या शाळेच्या बोळात, तीस मुले दाटीने पळत असताना, कोठे जातील याचा विचार केला की चर्चा तेथेच थांबायला हवी. ओळख पटवण्यातील घोटाळा निराळाच. २०१९ मध्ये कोलोरॅडोतील हायलंड्स रँच येथील शाळेत हल्ला झाला, तेव्हा शाळेच्या खासगी सशस्त्र रक्षकाने मदतीला आलेल्या पोलिसावरच गोळ्या झाडल्या आणि त्यांत विद्यार्थी जखमी झाला. २०२१ मध्ये त्याच राज्यात आर्व्हाडा गावी एका धाडसी नागरिकाने हल्लेखोराला गोळी घालून लोळवले, त्याची रायफल उचलली आणि त्यालाच हल्लेखोर समजून पोलिसांनी ठार केले. पोलीस आत शिरतात तेव्हा हातात बंदूक असलेला प्रत्येक माणूस त्यांना सारखाच दिसतो.

विरुद्ध बाजूची उदाहरणे नाहीत असे नाही आणि ती दडवणे योग्य ठरणार नाही. १९९७ मध्ये मिसिसिपीतील पर्ल येथे दोन विद्यार्थिनींना मारून निघून जाणाऱ्या हल्लेखोर विद्यार्थ्याला उपमुख्याध्यापकांनी आपल्या गाडीतले पिस्तूल आणून रोखून धरले. २०२२ मध्ये इंडियानातील एका मॉलमध्ये एका तरुणाने काही सेकंदांत हल्लेखोराला टिपले. पण प्रमाण पाहिले तर संघराज्याच्या तपास यंत्रणेने अभ्यासलेल्या २००० ते २०१३ मधील १६० घटनांपैकी ५ घटना पोलीस नसलेल्या सशस्त्र व्यक्तींमुळे थांबल्या, तर २१ घटना निःशस्त्र लोकांनी हल्लेखोराला धरून थांबवल्या. शिक्षकांना शस्त्र देण्याचा प्रयोग अमेरिकेबाहेरही झाला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेवर तालिबानी हल्ला होऊन शंभराहून अधिक मुले मारली गेल्यावर पाकिस्तानातील खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांना शस्त्रे बाळगू दिली. जानेवारी २०१६ मध्ये चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी आपल्या पिस्तुलाने प्रतिकार केला, त्या अवधीत काही विद्यार्थी निसटले आणि प्राध्यापक मारले गेले. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. मात्र संघटित दहशतवादी टोळीने बाहेरून चालून येणे आणि शाळेतलाच एखादा मुलगा दप्तरातून बंदूक आणणे या दोन निरनिराळ्या आपत्ती आहेत, आणि पाकिस्तानातही शिक्षक संघटनांनी शिकवणाऱ्याच्या हाती शस्त्र देण्यास विरोधच केला होता.

हल्ला ही कोणत्याही एका शाळेच्या दृष्टीने अतिदुर्मीळ घटना आहे. अमेरिकेत मुलांच्या एकूण हत्यांपैकी शाळेशी निगडित हत्या ३ टक्क्यांहूनही कमी असतात. सशस्त्र शिक्षक मात्र वर्षाचे साधारण १८० दिवस वर्गात असतो. म्हणजे एका क्वचित येणाऱ्या क्षणासाठी रोजचा धोका पत्करायचा, असा हा व्यवहार आहे. हा धोका काल्पनिक नाही. २०१४ मध्ये युटातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिकेचे पिस्तूल स्वच्छतागृहात उडाले आणि फुटलेल्या भांड्याच्या तुकड्यांनी ती जखमी झाली. २०१८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील सीसाइड येथे सुरक्षेचे प्रात्यक्षिक दाखवताना शिक्षकाच्या हातून वर्गात गोळी सुटली, छताला लागली आणि तिच्यामुळे एक विद्यार्थी जखमी झाला. त्याआधी दोनच आठवडे, जॉर्जियातील डाल्टन येथे एका शिक्षकाने स्वतःला वर्गात कोंडून गोळी झाडली होती. पिस्तूल कमरेला असेल तर मुलांच्या हाताला लागते आणि कुलपात असेल तर ऐनवेळी उपयोगी पडत नाही, या पेचातून कोणत्याही राज्याला वाट काढता आलेली नाही.

विमा कंपन्यांनी हा हिशेब राजकारण्यांच्या आधी केला. कॅन्ससने २०१३ मध्ये शाळेतील कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू दिले, तेव्हा राज्यातील बहुतेक शाळा-जिल्ह्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने सशस्त्र कर्मचारी असलेल्या शाळांना संरक्षण देण्याचे नाकारले. त्या कंपनीला बंदुकीच्या वादात कोणतीही बाजू घ्यायची नव्हती.

शिक्षकांचे मत काय, याला या चर्चेत सर्वांत मोठे वजन असायला हवे. रँड संस्थेच्या २०२३ मधील पाहणीत ५४ टक्के शिक्षकांनी शिक्षकाजवळ शस्त्र असल्याने शाळा कमी सुरक्षित होईल असे सांगितले, २० टक्क्यांना ती अधिक सुरक्षित होईल असे वाटले. दोन्ही मोठ्या शिक्षक संघटना विरोधात आहेत आणि शाळेत नेमलेल्या पोलिसांची राष्ट्रीय संघटनाही विरोधात आहे. विरोधामागचे कारण केवळ धास्तीचे नाही. शालेय हल्लेखोर बहुतेक वेळा त्याच शाळेचा आजी किंवा माजी विद्यार्थी असतो, म्हणजे ज्याला गोळी घालायची तो शिक्षकाने कालपर्यंत शिकवलेला मुलगा असतो. त्याला मारण्याची मानसिक तयारी ठेवून रोज वर्गात जायचे, तर वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे संभाव्य हल्लेखोर म्हणून पाहण्याची सवय जडणार, आणि शाळेतील शिक्षा कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला आजही अधिक येते हे लक्षात घेता, ती नजर कोणावर आधी स्थिरावेल हे रस्त्यावरच्या स्वसंरक्षण-कायद्यांनी दाखवून दिलेले आहे.

मग उपाय कोठे आहे? तो गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी, बंदूक मुलाच्या हाती कशी येते या प्रश्नापाशी आहे. संघराज्याच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ने २००८ ते २०१७ मधील शालेय हल्ल्यांचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या घरातून घेतलेली होती आणि बहुतेकांनी आपला इरादा आधी कोणाजवळ तरी बोलून दाखवला होता. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी एका शिक्षिकेला विद्यार्थ्याच्या कागदावर बंदूक, रक्त आणि मदतीची याचना असलेले चित्र दिसले. आईवडिलांना बोलावले गेले, त्यांनी मुलाला घरी नेण्यास नकार दिला, त्याचे दप्तर कोणी तपासले नाही आणि तो वर्गात परतला. त्या दुपारी त्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थ्यांचे जीव घेणारे पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी विकत घेतलेले होते. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही स्वतंत्र खटल्यांत सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या शाळेत सशस्त्र शिक्षक नेमला असता तर काय झाले असते, हा विचार करण्यापेक्षा त्या चित्रानंतर दप्तर उघडले असते, किंवा घरचे पिस्तूल कुलपात असते, तर काय झाले असते हा विचार अधिक फलदायी आहे.

मिशिगनने धडा घेतला. अल्पवयीन मुले असलेल्या ठिकाणी बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक करणारा कायदा तेथे फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झाला. अशा कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू घटतात, हा रँडच्या आढाव्यातील मोजक्या ठाम निष्कर्षांपैकी आणखी एक आहे. मुलाच्या बोलण्यातल्या किंवा वागण्यातल्या धोक्याच्या खुणा शिक्षक, समुपदेशक आणि पोलीस यांनी मिळून तपासण्याची पद्धत व्हर्जिनिया विद्यापीठात ड्यूई कॉर्नेल यांनी विकसित केली, आणि त्या राज्याने २०१३ पासून सर्व सरकारी शाळांना तिच्यासाठी पथके नेमायला लावली. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत हजारो मराठी कुटुंबांची मुले या शाळांत जातात आणि दारे लावून अंधारात बसण्याच्या कवायती करतात. त्या आईबापांच्या हाती सर्वांत जवळचा उपाय आहे तो बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठिंबा दिलेल्या मोहिमेतला : मूल कोणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर त्या घरी बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का, हे आधी विचारणे. संकोचाचा प्रश्न आहे खरा, तरी तो विचारायलाच हवा.

सशस्त्र शिक्षकांच्या बाजूचा एकच युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा उरतो, तो दूरच्या खेड्यांचा. हॅरॉल्डसारख्या गावात शेरीफचा माणूस पोचायला बराच वेळ लागतो, तोवर शाळेने काय करायचे? या प्रश्नाला तुच्छतेने उत्तर देता येणार नाही. पण त्याचे उत्तर त्या ठरावीक शाळांपुरते, पोलिसाच्या बरोबरीचे प्रशिक्षण आणि पालकांना पूर्ण माहिती या अटींवर, शिकवण्याची जबाबदारी नसलेल्या प्रशिक्षित रक्षकाच्या नेमणुकीने देता येते, आणि तसा रक्षक परवडत नसेल तर तो खर्च राज्याने उचलायचा असतो. टेक्सास, ओहायो, टेनेसी आणि फ्लोरिडा यांनी तसे केले नाही. खेड्याची अडचण सांगून त्यांनी कायदे साऱ्या राज्याला लागू केले, ज्या शाळांच्या दारात तीन मिनिटांत पोलीस पोचतात त्यांनासुद्धा. २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झालेल्या संघराज्य कायद्याने शाळांसाठी दिलेला निधी शस्त्रांवर किंवा शस्त्र चालवण्याच्या प्रशिक्षणावर खर्च करण्यास काही अपवाद वगळता मनाई केलेली आहे; राज्यांनीही आपल्या पैशाला हाच नियम लावावा आणि तो पैसा समुपदेशक, कुलपे आणि धोक्याच्या खुणा तपासणारी पथके यांच्याकडे वळवावा.